ढगांतली जहाजं

२७ ऑगस्ट १७८३ रोजी पॅरिसजवळच्या गोनेस गावात आकाशातून एक मोठा गोळा येऊन पडला. पडल्यावरही तो हलत होता. गावकऱ्यांनी दाताळी उचलली आणि त्याला भोसकून फाडून टाकलं. जाक शार्ल या शास्त्रज्ञाने रबराचा लेप दिलेल्या रेशमाचा फुगा बनवून त्यात हायड्रोजन भरला होता आणि त्याच दिवशी पॅरिसच्या मैदानातून तो सोडला होता. त्याचा शेवट असा झाला. मग सरकारला जाहीर निवेदन काढावं लागलं. आकाशात काळवंडलेल्या चंद्रासारखं काही दिसलं तर घाबरू नका, ते कापडाचं आणि कागदाचं यंत्र आहे, त्यापासून इजा होत नाही, अशा अर्थाचं ते निवेदन होतं.

गोनेसच्या माणसांना हसणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. फुगा उडवणाऱ्यांना तरी तो का उडतो हे कुठे नीट ठाऊक होतं? आनोने गावच्या माँगॉल्फिए बंधूंचा कागदाचा कारखाना होता. ४ जून १७८३ रोजी त्यांनी आतून कागद लावलेला कापडी फुगा गावासमोर उडवला. पेंढा आणि लोकर जाळून निघणाऱ्या धुरातच वर नेणारी शक्ती आहे, असा त्यांचा समज होता. तापलेली हवा हलकी होते, एवढंच खरं कारण होतं.

आनोनेहून ल्यों शहर फार दूर नाही. तिथे १९ जानेवारी १७८४ रोजी, सुमारे शंभर फूट व्यासाचा एक अवाढव्य फुगा सात माणसांना घेऊन वर गेला. त्यात थोरला भाऊ जोझेफ माँगॉल्फिए स्वतः होता. फुगा वरच फाटला, तरी सगळे जिवंत खाली आले. त्याच वर्षी ४ जूनला स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव ल्योंमध्ये आला होता. त्याच्या समोर एलिझाबेथ तिब्ल ही फ्लरां नावाच्या चित्रकाराबरोबर फुग्यात चढली. मोकळ्या फुग्यातून उडालेली ती पहिली स्त्री. वर असताना आगीत जळण घालण्याचं कामही तिने केलं.

ल्योंच्या लोकांनी आकाशातल्या प्रवाशांबद्दल ऐकलं होतं, ते मात्र याच्या साडेनऊशेहून अधिक वर्षं आधी. इ. स. ८१५ च्या सुमारास अगोबार्ड नावाच्या धर्मगुरूने गारपीट आणि मेघगर्जना यांवर लॅटिनमध्ये एक निबंध लिहिला. ८१६ मध्ये तो ल्योंचा मुख्य बिशप झाला. तो लिहितो की इथल्या थोरामोठ्यांपासून गोरगरिबांपर्यंत जवळजवळ सगळे मानतात की माणूस गारपीट आणि मेघगर्जना घडवू शकतो. अनेक जण आणखी एक गोष्ट सांगतात. मागोनिया नावाचा एक देश आहे, तिथून ढगांमधून जहाजं येतात आणि गारांनी झोडपून पडलेलं धान्य भरून नेतात. वादळ उठवणारे मांत्रिक ते धान्य त्या खलाशांना विकतात.

एकदा लोकांनी तीन पुरुष आणि एक बाई यांना साखळदंडांत बांधून ठेवलं. हे त्या जहाजांतून पडले, असं म्हणून काही दिवसांनी त्यांना दगडांनी ठेचून मारण्यासाठी सभेपुढे आणलं. अगोबार्ड तिथे होता. बराच वाद घालून त्याने सत्य पटवलं आणि आणणारे खजील झाले. वादळ उठवण्याच्या अफवेचा माग काढताना त्याला प्रत्यक्ष पाहिल्याचं सांगणारा एक जण भेटला. खोदून विचारल्यावर, आपण स्वतः तिथे नव्हतो, हे त्यानेही कबूल केलं. बिशपचा आणखी एक प्रश्न आहे: हे मांत्रिक वादळ आणू शकतात, तर दुष्काळात पाऊस का पाडत नाहीत?

या कथेत आकाशापेक्षा शेत जास्त आहे. पीक वाचवण्याचं आश्वासन देणाऱ्यांना तिथले शेतकरी धान्याचा ठरावीक वाटा देत. विदर्भातल्या वाचकाला इथे गारपगारी आठवेल. गारा अडवण्याचं काम त्याच्याकडे असे आणि त्याबद्दल गाव त्याला धान्य देई. अगोबार्डची खंत अशी की हेच लोक चर्चचा दशमांश आणि विधवा-अनाथांची भिक्षा मात्र खुशीने देत नाहीत. म्हणजे त्याचाही यात हितसंबंध होता. तरीही चार जीव वाचले ते त्याने विचारलेल्या प्रश्नांमुळे, हे नाकारता येत नाही.

पुढे त्या चौघांची रवानगी भलत्याच कथांमध्ये झाली. १६७० मध्ये माँफोकों द व्हिलार यांच्या ‘कोंत द गाबालीस’ या पुस्तकात ते वायुलोकातल्या अद्भुत जीवांच्या जहाजांतून उतरलेले प्रवासी झाले. १९६९ मध्ये जाक व्हाले यांनी उडत्या तबकड्यांवरच्या आपल्या पुस्तकाला ‘पासपोर्ट टू मागोनिया’ हे नाव दिलं. जहाजांची गोष्ट अशी पुन्हा पुन्हा सांगितली गेली, पण अगोबार्डच्या निबंधाचा शेवट फारसा कोणी सांगत नाही.

निबंधाच्या काही वर्षं आधी गुरांवर मोठी साथ आली होती. सम्राट शार्लमेनचा शत्रू, इटलीतल्या बेनेव्हेंतोचा सरदार ग्रिमोआल्ड याने माणसं पाठवून शेतांत आणि झऱ्यांत विषारी भुकटी पसरवली, अशी अफवा उठली. अनेकांना पकडलं, काहींना ठार केलं, बहुतेकांना फळ्यांना बांधून नदीत फेकलं. अगोबार्ड विचारतो की भुकटीने फक्त गुरंच कशी मेली, इतर प्राणी का नाही? बेनेव्हेंतोची सगळी माणसं, म्हातारी आणि पोरंसुद्धा, प्रत्येकी तीन-तीन गाड्या भुकटी घेऊन निघाली असती तरी एवढ्या मुलखाला ती पुरली असती का? या वेळी त्याचे प्रश्न कोणाला वाचवू शकले नाहीत. त्याला सर्वांत कोड्यात टाकलं ते पकडलेल्यांच्या जबानीने. आपल्याजवळ ती भुकटी होती आणि आपणच ती पसरली, असं ते स्वतः सांगत होते; मार, छळ किंवा समोर दिसणारं मरण यांपैकी कशानेही त्यांनी ती खोटी कबुली मागे घेतली नाही.