विश्लेषण : भूल चढली की नाही, हे डॉक्टर नेमकं कसं ओळखतात?

सिझेरियनसाठी पाठीत इंजेक्शन दिल्यावर लगेच ऑपरेशन सुरू होत नाही. भूलतज्ज्ञ आधी स्पिरिटचा बोळा पोटावर, मग छातीच्या कडेला टेकवतात आणि विचारतात, "गार लागतंय का?" मग म्हणतात, "पाय उचलून दाखवा." रुग्णाला हे सगळं किरकोळ वाटतं. पण ऑपरेशन वेदनेशिवाय होईल की नाही, याचा अंदाज याच तपासणीतून येतो.

पूर्ण भुलीत रुग्ण झोपलेला असतो. शरीराच्या एखाद्या भागापुरती भूल दिली, तर तो जागाच असतो. त्यामुळे ती किती चढली, हे बऱ्याच अंशी त्यालाच विचारून ठरवावं लागतं.

सगळ्या संवेदना एकदम का जात नाहीत?

एका नसेत वेगवेगळ्या जाडीचे आणि वेगवेगळ्या कामाचे तंतू असतात. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या तंतूंवर औषधाचा परिणाम सहसा आधी होतो, म्हणून पाय गरम वाटू लागतात. त्यानंतर गारवा आणि सुईची टोच जाणवेनाशी होते. हलका स्पर्श आणि स्नायूंची ताकद त्यामानाने उशिरा जाते.

म्हणजेच, गार लागत नाही याचा अर्थ भूल पूर्ण चढली असा होत नाही. एकाच रुग्णात गारवा न कळण्याची सीमा छातीपर्यंत पोहोचलेली असू शकते आणि स्पर्श न कळण्याची सीमा मात्र त्याच्या खाली असू शकते. म्हणून अनेक भूलतज्ज्ञ एकाच चाचणीवर थांबत नाहीत. गारवा, बोथट सुईची टोच आणि हलका स्पर्श अशा चाचण्या ते शरीराच्या दोन्ही बाजूंना करतात. कधीकधी भूल एकाच बाजूला जास्त चढलेली असते.

छेद ओटीपोटावर, मग तपासणी छातीपर्यंत का?

मणक्यातून निघणारी प्रत्येक नस त्वचेच्या ठरावीक पट्ट्याची संवेदना वाहून नेते. छातीच्या भागातल्या नसांपैकी दहावी साधारण बेंबीजवळ, सहावी छातीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी आणि चौथी स्तनाग्रांच्या रेषेत येते.

सिझेरियनचा छेद बेंबीच्या बराच खाली असतो. पण गर्भाशय हाताळताना आणि पोटाच्या आतल्या आवरणाला ओढ बसताना जाणवणाऱ्या वेदना वरच्या नसांमधूनही मेंदूकडे जातात. त्यामुळे भूल स्तनाग्रांच्या आसपासच्या पातळीपर्यंत पोहोचलेली लागते.

ती फार वर चढली तरी अडचण होते. हाताच्या बोटांना मुंग्या येणं, पकड सैल पडणं, श्वास घ्यायला जड जाणं ही त्याची लक्षणं आहेत. म्हणून "माझा हात घट्ट धरा" असं सांगणं हाही तपासणीचाच भाग असतो.

हालचालींना गुण

पायांची ताकद मोजण्यासाठी 'ब्रोमेज स्केल' वापरतात. प्रचलित पद्धतीत पाय नीट हलला तर ०, गुडघा वाकतो पण सरळ पाय उचलता येत नाही तर १, फक्त पाऊल हलतं तर २ आणि काहीच हलत नसेल तर ३.

हाताच्या ऑपरेशनसाठी मानेजवळ किंवा काखेत भूल दिली, तर चार मुख्य नसा वेगवेगळ्या तपासतात. कोपर वाकवून आणि सरळ करून दोन नसांची ताकद कळते. तर्जनीच्या आणि करंगळीच्या मुळाशी चिमटा घेऊन उरलेल्या दोन नसांची संवेदना कळते. ही भूल पूर्ण चढायला अर्धा तासही लागू शकतो.

यंत्राने मोजता येतं का?

थोडंफार येतं. भूल चढली की त्या भागातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, त्वचा गरम होते. बोटाला लावलेल्या काही पल्स ऑक्सिमीटरवर रक्तप्रवाहाचा आकडा वाढलेला दिसतो. लहान मुलांसारख्या नीट सांगू न शकणाऱ्या रुग्णांमध्ये याची मदत होते. मात्र छेद घ्यायच्या जागी दुखणार नाही, याची खात्री हा आकडा देत नाही.

१८९८ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर या सर्जननी मणक्यातल्या भुलीचा प्रयोग आपल्या सहायकावर केला. भूल लागली का हे पाहण्यासाठी त्याला चिमटे काढले, नडगीवर हातोडी मारली, पेटत्या सिगारचा चटकाही दिला. आज पद्धती सौम्य झाल्या आहेत, पण रुग्णाच्या उत्तराची जागा अजून कोणत्याही यंत्राने घेतलेली नाही.

रुग्णाने काय सांगावं?

चांगली भूल चढल्यावरही ओढल्यासारखं किंवा दाबल्यासारखं वाटू शकतं. टोचणं, कापल्यासारखं होणं, दुखणं मात्र व्हायला नको. "हात लागल्याचं कळतंय" आणि "दुखतंय" हा फरक स्पष्ट सांगावा. डॉक्टर रागावतील म्हणून किंवा लवकर उरकावं म्हणून "काही कळत नाही" असं म्हणू नये.

भूल कमी पडली तर आणखी थोडं थांबणं, औषध वाढवणं, पुन्हा इंजेक्शन देणं किंवा पूर्ण भूल देणं असे पर्याय असतात. छेद घेतल्यानंतर दुखू लागलं, तरी त्याच क्षणी सांगावं. ती तक्रार 'घाबरल्यामुळे होतंय' म्हणून सोडून द्यायची नसते. भूल पुन्हा तपासायची असते.