निवेदकाचे वेड आणि लेखकाचे चरित्र

धारवाडच्या आजच्या मानसिक आरोग्य संस्थेचे मूळ १८४५ सालच्या वेड्यांच्या इस्पितळात आहे. त्याआधी दोनच वर्षे, जानेवारी १८४३ मध्ये, अमेरिकेत एडगर ॲलन पो याची ‘द टेल-टेल हार्ट’ ही कथा प्रसिद्ध झाली. हा निव्वळ योगायोग. परंतु वेडा कोणाला म्हणावे, हा प्रश्न इतक्या थोड्या पानांत क्वचितच कोणी उभा केला असेल.

कथेचा निवेदक आपण वेडे नाही हे पटवण्यासाठी स्वतःच्या कृत्यातील काटेकोरपणाच पुरावा म्हणून पुढे करतो. सात रात्री तो म्हाताऱ्याच्या खोलीचे दार हळूहळू उघडतो आणि आठव्या रात्री खून करतो. म्हाताऱ्यावर आपला जीव होता, त्याच्या धनाचा लोभ नव्हता, खुपत होता तो केवळ त्याचा डोळा, असे तोच सांगतो. पुढे फळ्यांखाली पुरलेले हृदय त्याला ऐकू येऊ लागते व पोलिसांसमोर तो कबुली देऊन बसतो. ते ठोके बहुधा त्याच्याच छातीतले. दडपलेली गोष्ट पुष्कळदा नकाराच्या रूपानेच ओठांवर येते, हे फ्रॉइडने एका छोट्या निबंधात मांडले ते १९२५ मध्ये.

१९३३ मध्ये फ्रॉइडच्या शिष्या मारी बोनापार्त यांचा पोवरील बृहद्ग्रंथ निघाला. प्रस्तावना खुद्द फ्रॉइडची. त्यांच्या मते हा म्हातारा म्हणजे पोचा पालक जॉन ॲलन. येथे माझे मन अडखळते. म्हातारा निवेदकाचा कोण, हे पोने सांगितलेलेच नाही आणि कथेतील निम्मे भय त्या न सांगण्यात आहे. ती जागा चरित्राने बुजवली की उरते ती एका घरातील जुनी तक्रार.

हा मोह आपल्या गावालाही नवा नाही. जी. ए. कुलकर्णी यांनी येथेच अनेक वर्षे इंग्रजी शिकवले. त्यांचा काळा चष्मा आणि सभासमारंभ टाळण्याची वृत्ती यांत ‘काजळमाया’तील (१९७२) अंधाराचा उगम शोधणारे वाचक मला आजही भेटतात. ‘पिंगळावेळ’मधील (१९७७) ‘स्वामी’ या कथेत एक माणूस मठात कायमचा कोंडला जातो. त्या कोठडीची किल्ली चष्म्यामागे कशी सापडावी? जीए खरेच तसे होते का, असे विद्यार्थी दरवर्षी विचारतात. मी त्यांना ‘स्वामी’ पुन्हा एकदा वाचून यायला सांगतो.