पित्याची संमती आणि अनौरस अपत्य : इंग्लंडच्या विवाहकायद्यातील एक अध्याय

विवाहाला कोणाची संमती असावी, या प्रश्नाचा विचार कायद्याच्या इतिहासात बहुधा कुळाच्या व मालमत्तेच्या अंगाने झालेला आहे. विवाहापूर्वीच गर्भवती झालेल्या अल्पवयीन मुलीच्या बाजूने त्याच इतिहासाकडे पाहिले, तर त्याचे स्वरूप निराळे दिसते. इंग्लंडमधील १७५३ च्या विवाहकायद्याचा विचार आम्ही येथे याच दृष्टीने करणार आहोत.

त्यापूर्वी इंग्लंडात विवाहाची वैधता चर्चच्या धर्मशास्त्रावर अवलंबून होती. मुलीला बाराव्या व मुलाला चौदाव्या वर्षी विवाह करता येई. आईबापांची संमती नसणे हा दोष मानला जाई. पण त्यामुळे विवाह रद्द होत नसे. विवाहाचे वचन देऊन पुरुषाने शरीरसंबंध केला, तर तोही विवाहच समजला जाई, आणि फसवल्या गेलेल्या स्त्रीला धर्मन्यायालयात दाद मागता येई. पुरावा मिळणे कठीण असे, हे खरे. परंतु मार्ग मोकळा होता.

मात्र लंडनमध्ये फ्लीट तुरुंगाच्या परिसरात पैसे घेऊन गुप्त विवाह लावणाऱ्या धर्मोपदेशकांचा सुळसुळाट झाला होता. श्रीमंत घरची मुले-मुली तेथे फसवली जातात, या ओरडीतून लॉर्ड चॅन्सलर हार्डविक यांचा कायदा जन्मास आला. स्वतः १७४४ साली गुप्तपणे विवाह केलेल्या हेन्री फॉक्स यांनी त्याला कडाडून विरोध केला. पण तो संमत होऊन २५ मार्च १७५४ पासून अमलात आला. एकवीस वर्षांखालील व्यक्तीचा पित्याच्या संमतीवाचून परवान्याने झालेला विवाह त्याने रद्दबातल ठरवला, आणि वचनाच्या आधारे विवाह करवून घेण्याचा दावाही नाहीसा केला.

या दोन कलमांचा एकत्रित भार गर्भवती मुलीवर कसा पडला, हे कळण्यासाठी आणखी एक जुना नियम ध्यानात घ्यावा लागतो. विवाहापूर्वी जन्मलेले अपत्य आईबापांच्या नंतरच्या विवाहाने औरस व्हावे, ही चर्चची मागणी इंग्लंडच्या सरदारांनी १२३६ साली मर्टन येथे फेटाळली होती. म्हणजे प्रसूतीपूर्वी विवाह झाला तर मूल औरस. एक दिवसही उशीर झाला तर जन्मभर अनौरस. एकविसावे वर्ष उजाडेपर्यंत थांबणे तिला शक्यच नव्हते.

मग तिच्यापुढे मार्ग कोणते होते? चर्चमध्ये तीन रविवारी विवाहाची जाहीर घोषणा केली आणि पालकांनी तेथे उघड हरकत घेतली नाही, तर विवाह वैध होई. म्हणून पुष्कळ जोडपी परक्या शहरात जाऊन घोषणा करवीत. आई किंवा पालक विनाकारण अडवीत असतील, तर लॉर्ड चॅन्सलरकडे अर्ज करता येई. परंतु पिता अडवीत असेल, तर अर्जाला जागाच नव्हती. तिसरा मार्ग स्कॉटलंडचा. हा कायदा तेथे लागू नव्हता. परस्परांना पतिपत्नी म्हणून स्वीकारल्याचे उच्चारण पुरेसे होते, आणि पुढील विवाहाने पूर्वीचे मूलही औरस होई. सीमेलगतचे ग्रेटना ग्रीन हे खेडे प्रसिद्धीस आले ते यामुळे. पण तेथवरचा गाडीखर्च गरीब मुलीच्या आवाक्याबाहेरचा होता.

गरिबांची गोष्ट तर उलटीच होती. १७३३ च्या कायद्यानुसार अविवाहित गर्भवतीने शपथेवर ज्याचे नाव सांगितले, त्याला अटक होई. मुलाच्या पोषणाचा भार आपल्या गावावर पडू नये म्हणून स्थानिक अधिकारी पुष्कळदा स्वतःच लग्न घडवून आणीत. मालमत्ता असेल तेथे विवाह अडवायचा आणि नसेल तेथे तो लादायचा, असा हा न्याय होता. मुलीची इच्छा दोन्हीकडे गौणच.

१८२३ च्या कायद्याने असे विवाह रद्द होणे थांबले. पित्याच्या नकारावर न्यायालयाकडे जाण्याची वाट मात्र १९२५ साली खुली झाली, आणि पुढील विवाहाने अपत्य औरस होण्याची तरतूद १९२६ साली झाली. मर्टनचा नकार जवळजवळ सात शतके टिकला! १९७० पासून सज्ञानतेचे वय अठरावर आले, तर १९८७ च्या कायद्याने औरस-अनौरस हा भेदच बहुतांशी पुसला. शेवटी २७ फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंड व वेल्समध्ये अठरा वर्षांखालील विवाह कोणाच्याही संमतीने होत नाही. कारण पालकांची संमती पुष्कळदा पालकांची सक्तीच असते, असे अनुभवास आले.

एकवीस वर्षांचा हा दंडक आपल्याकडेही आला होता. १८७२ च्या हिंदुस्थानातील विशेष विवाह कायद्यात त्या वयाखालील वधूवरांना पित्याची किंवा पालकाची संमती आवश्यक होती. म्हणून हा इतिहास आम्हांस केवळ परका वाटत नाही. त्यातून आम्हांस असे दिसते की, विवाहाची वाट सोपी करण्याने गर्भवती मुलीचे दुःख जेवढे हलके झाले, त्याहून अधिक ते अपत्यावरील कलंक कायद्याने पुसल्यामुळे हलके झाले. तो कलंक होता तोवर विवाह ही तिची निवड नव्हती, निकड होती.