एका ‘नाही’ची गोष्ट

सरकारी नोकरीसाठी निवड झाली की उमेदवाराच्या हातात एक छापील कागद पडतो. त्याला साक्षांकन नमुना म्हणतात. नाव, गाव, शाळा, आधीचे राहण्याचे पत्ते, आणि मग तो प्रश्न : तुम्हाला कधी अटक झाली होती का? तुमच्यावर कधी खटला चालला होता का? हा नमुना पोलिसांकडे जातो. ‘प्रतिकूल काही आढळले नाही’ असा शेरा आला की घरचे पेढे वाटायला मोकळे होतात. हीच ती चारित्र्य पडताळणी.

मी कविता लिहितो, पण पोट भरत आलो ते आस्थापना शाखेतल्या कारकुनीवर. असे नमुने मी शेकड्यांनी हाताळले. म्हणूनच २००२ साली आमच्या गल्लीतला एक मुलगा आपला नमुना घेऊन माझ्याकडे आला. कॉलेजात असताना एका मारामारीत त्याचं नाव आलं होतं. पुढे तडजोड झाली, कोर्टानं त्याला सोडून दिलं. त्यानं विचारलं, “चाचा, इथं काय लिहू?” मी म्हणालो, “सुटलास ना बेटा? मग ‘नाही’ लिही.” त्यानं लिहिलं.

हा प्रश्न त्या कागदावर आला कसा, हे मी पुढे वाचत गेलो. इंग्रज साहेब खानसामा किंवा आया ठेवताना आधीच्या साहेबाची चिठ्ठी मागत. चिठ्ठीत निदान एक माणूस दुसऱ्याविषयी बोलत असे. पण सरकारला नोंदी हव्या होत्या. १८७१ च्या कायद्यानं सबंध जमातीच गुन्हेगार ठरवल्या. मूल जन्मलं की संशयित! आपल्या सोलापुरात अशा जमातींना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. त्या जागेला लोक सेटलमेंट म्हणत. १८९७ साली कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली. ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा, पण पद्धतीला नाव मिळालं हेन्रीसाहेबांचं. जमातींचा तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. नोंदीवरून माणूस ओळखायची सवय मात्र राहिली.

स्वतंत्र भारतात या सवयीला न्यायालयांनी अनेकदा अडवलं. मध्य प्रदेशातल्या एका शिक्षकाला सरकारी नोकरीतून काढलं, कारण पूर्वी तो संघ आणि जनसंघाच्या कामात होता, असा पोलिसांचा अहवाल आला. १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी सांगितलं, की जुन्या राजकीय मतांपायी कुणाची भाकरी हिरावता येणार नाही. त्या शिक्षकाचं राजकारण माझं नाही. पण तो निकाल माझाही आहे.

आता त्या मुलाकडे येतो. पोलिसांचा अहवाल आला, त्यात खटल्याचा क्रमांक होता. नेमणूक रद्द झाली. कारण मारामारीचं दिलं नव्हतं. ‘माहिती दडवली’ एवढंच लिहिलं होतं. म्हणजे त्याची नोकरी गेली ती माझ्या ‘नाही’पायी.

२०११ साली सर्वोच्च न्यायालयात जवळजवळ असंच प्रकरण निकाली निघालं. दिल्ली पोलिसांत निवड झालेल्या एका तरुणानं अर्जात खटला दडवला होता. मारामारीचाच गुन्हा, तडजोडीनं सुटका. न्यायमूर्ती काटजू यांनी भाकरी चोरणाऱ्या ज्याँ व्हालज्याँची, ह्यूगोच्या कादंबरीतल्या त्या नायकाची आठवण दिली. तरुण वयातल्या चुकीचा डाग जन्मभर लावू नये, असं म्हटलं. मी त्या मुलाला निकाल वाचून दाखवला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता तो म्हणाला, “चाचा, आता वय गेलं.” मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

२०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींनी नियम घालून दिले. उमेदवारानं खरी माहिती द्यावी, काही दडवू नये. नमुन्यातला प्रश्न स्पष्ट असावा, मोघम नको. तरुणपणी दिलेल्या घोषणा किंवा किरकोळ गुन्हा दडवला गेला, तर मालकाला ते माफ करता येतं. खरं सांगितलं म्हणून नोकरी मिळेलच असंही नाही. पण मालकानं साऱ्या गोष्टींचा विचार करायला हवा.

आज खासगी कंपन्याही एजन्सीकडून अशीच चौकशी करवून घेतात. चौकशी नको, असं मी म्हणत नाही. ज्याच्या हाती तिजोरी किंवा लेकरं द्यायची, त्याची माहिती घ्यावीच. पण नोंद वाचणाऱ्यानं तिच्या शेवटी लिहिलेला निकालही वाचावा, आणि त्या वेळचं वयही.

अजूनही मुलं नमुना घेऊन माझ्याकडे येतात. मी सांगतो, ‘होय’ लिहा. पुढे खटला क्रमांक, निकालाची तारीख लिहा आणि निकालाची प्रत जोडा.