चित्रपटविषयक उद्यानांचे नामांतर आणि ओळखचिन्ह : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

नामांतर हा शब्द मराठवाड्याला नवा नाही. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव संमत केला. त्याची परिणती 14 जानेवारी 1994 रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ या नामविस्तारात झाली. मधल्या सोळा वर्षांत या प्रदेशाने नावासाठी सोसलेल्या यातना सर्वश्रुत आहेत. सार्वजनिक संस्थेचे नाव म्हणजे समाजाने स्वतःविषयी केलेले विधान असते, ही जाणीव त्या लढ्याने दृढ केली. मनोरंजन उद्यानाच्या नावाला असे गांभीर्य नसते. तथापि ते नाव कोण ठरवतो, कोणत्या कारणाने बदलतो आणि त्या बदलात कोणाची स्मृती पुसली जाते, हे प्रश्न तेथेही उद्भवतात. प्रस्तुत लेखात चित्रपटाशी नाते सांगणाऱ्या तीन स्थळांच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे.

करारातून आलेले नाव :

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात 1 मे 1989 रोजी ‘डिस्ने-एमजीएम स्टुडिओज’ हे चित्रपटविषयक उद्यान सुरू झाले. नावातील ‘एमजीएम’ ही अक्षरे दुसऱ्या चित्रपटसंस्थेची होती. 1985 मधील करारान्वये ती वापरण्याचा हक्क डिस्नेला मिळाला होता. प्रेक्षकांसमोर चित्रनिर्मिती व्हावी, ही मूळ कल्पना होती. परंतु कालांतराने निर्मिती मंदावली आणि तेथील ॲनिमेशन विभाग 2004 मध्ये बंद झाला. 7 जानेवारी 2008 पासून उद्यानाला ‘डिस्नेज हॉलिवूड स्टुडिओज’ हे नाव देण्यात आले.

ओळखचिन्हाचा इतिहासही असाच अस्थिर आहे. प्रारंभी मिकी माऊसचे कान लावलेला पाण्याचा उंच मनोरा ही उद्यानाची खूण होती. मुख्य रस्त्याच्या शेवटी हॉलिवूडमधील 1927 च्या चायनीज थिएटरची प्रतिकृती उभी होती. 2001 मध्ये वॉल्ट डिस्ने यांच्या जन्मशताब्दीच्या उत्सवानिमित्त तिच्यासमोर 122 फूट उंचीची जादूगाराची टोपी उभारण्यात आली. उत्सव संपला, टोपी मात्र राहिली आणि चित्रपटगृहाची प्रतिकृती तिच्यामागे झाकली गेली. 2015 मध्ये टोपी आणि 2016 मध्ये पाण्याचा मनोराही काढून टाकण्यात आला. प्रसंगापुरते उभारलेले चिन्ह प्रसंग सरल्यावर निराधार होते, असे यावरून दिसते.

खोपोलीचे उद्यान :

महाराष्ट्रातील निकटचे उदाहरण रायगड जिल्ह्यातील खोपोलीजवळ आहे. मनमोहन शेट्टी यांच्या पुढाकाराने तेथे 2013 मध्ये ‘ॲडलॅब्स इमॅजिका’ सुरू झाले. हे उद्यान संपूर्णतः चित्रपटाला वाहिलेले नाही. परंतु 1987 च्या ‘मिस्टर इंडिया’ या चित्रपटावर आधारित सफर हे त्याचे एक प्रमुख आकर्षण होते. शिवाय ‘ॲडलॅब्स’ हे नावच चित्रपटव्यवसायातून आले होते. शेट्टी यांनी 1978 मध्ये सुरू केलेल्या चित्रफीत प्रक्रियाशाळेचे ते नाव होय. 2005 मध्ये त्या मूळ कंपनीवर अनिल अंबानी यांच्या उद्योगसमूहाने नियंत्रण मिळवले आणि 2009 मध्ये तिचे नाव ‘रिलायन्स मीडियावर्क्स’ झाले. म्हणजेच उद्यान उघडले तेव्हा मूळ कंपनीने ते नाव टाकून दिले होते.

2020 मध्ये उद्यानाच्या कंपनीनेही ‘इमॅजिकावर्ल्ड एंटरटेनमेंट’ हे नाव स्वीकारले आणि 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडे तिचे नियंत्रण गेले. व्यापाराच्या दृष्टीने हा बदल स्वाभाविक होता. मात्र त्याबरोबर चित्रपटाशी नाते सांगणारा शब्दही नावातून गेला. उद्यानाच्या क्षितिजावर उठून दिसणारा सुमारे 40 मीटर उंचीचा ‘नायट्रो’ रोलर कोस्टर वेग आणि थराराचे प्रतीक आहे. तो जगातील कोणत्याही उद्यानात शोभला असता. येथील चित्रपटपरंपरेविषयी तो काही सांगत नाही.

सार्वजनिक नाव :

याउलट मुंबईतील गोरेगावची चित्रनगरी राज्य शासनाने 1977 मध्ये स्थापन केली. ती मनोरंजन उद्यान नसून चित्रीकरणाचे केंद्र आहे. 2001 मध्ये तिला दादासाहेब फाळके यांचे नाव देण्यात आले. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेल्या फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला होता. स्थापनेनंतर 24 वर्षांनी आलेले हे नाव करारातून नव्हे, ऋणभावनेतून आले. त्यामुळे मालकीच्या व्यवहारावर त्याचे आयुष्य अवलंबून नाही.

ओळखचिन्ह कसे घडते, याचे उत्तर लातूरच्या गंजगोलाईत सापडते. मध्यभागी 1917 मध्ये बांधलेली दुमजली वास्तू, अंबाबाईचे मंदिर आणि येथे येऊन मिळणारे 16 रस्ते, अशी तिची रचना आहे. बाजारपेठेच्या सोयीसाठी केलेली ही आखणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरामुळे शहराची खूण बनली. गुळापासून सोन्यापर्यंतचा व्यवहार तिच्याभोवती होत आला; म्हणून तिला वेगळ्या जाहिरातीची गरज पडली नाही.

निष्कर्ष :

करारातून आलेले नाव कराराबरोबर जाते आणि उत्सवासाठी उभारलेले चिन्ह उत्सवाबरोबर अर्थ गमावते. स्मृतीशी जोडलेले नाव आणि वापरातून रुजलेली वास्तू मात्र टिकून राहते. महाराष्ट्र ही भारतीय चित्रपटाची जन्मभूमी आहे. येथे चित्रपटविषयक उद्यान उभारताना वा त्याचे नाव बदलताना केवळ बाजारपेठेचा सल्ला पुरेसा ठरणार नाही. इतिहासाचा अभ्यासक आणि स्थानिक समाज यांनाही त्या निर्णयात स्थान असावयास हवे. अन्यथा नांदेड-लातूरहून सहलीस गेलेला विद्यार्थी वेगाचा अनुभव घेऊन परतेल. परंतु ज्या भूमीत चित्रपट जन्मला, तिची ओळख त्याला तेथे होणार नाही.