कलकत्त्याचे पहिले महापौर : देशबंधू दास

वाचकहो, देशबंधू चित्तरंजन दास यांचे नाव आपण शाळेच्या इतिहासात वाचतो ते बहुधा स्वराज्य पक्षाच्या निमित्ताने. मोतीलाल नेहरूंबरोबर १९२३ साली त्यांनी हा पक्ष काढला, एवढे सांगून धडा पुढे सरकतो. पण एका मोठ्या शहराचा पहिला महापौर म्हणून त्यांनी जे चौदा महिने काम केले, त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आपल्या पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी ही हकीकत अवश्य माहीत करून घ्यावी असे मला वाटते. कारण तिच्यात मुलांच्या शाळेचा प्रश्न आहे, नोकरीचा प्रश्न आहे आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांतील विश्वासाचाही प्रश्न आहे.

प्रथम थोडी मागची हकीकत. १८९९ साली सरकारने कलकत्ता नगरपालिकेतील लोकप्रतिनिधींचे अधिकार कमी करणारा कायदा केला, तेव्हा अठ्ठावीस सभासदांनी एकदम राजीनामे दिले. त्यांत सुरेंद्रनाथ बॅनर्जी होते. हेच सुरेंद्रनाथ पुढे बंगालचे स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री झाले आणि १९२३ साली त्यांनी नवा कायदा करून घेतला. या कायद्याने काशीपूर-चितपूर, माणिकतला, गार्डन रीच ही उपनगरे शहरात आली, स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला आणि महापौर हे पद निर्माण झाले. (आपल्या मुंबईत त्या वेळी ‘अध्यक्ष’ म्हणत, मेयर हे नाव तेथे १९३१ साली आले.) दैवाचा खेळ पाहा, ज्यांनी झाड लावले त्यांना फळ चाखता आले नाही. १९२३ अखेरच्या कौन्सिलच्या निवडणुकीत डॉ. बिधानचंद्र रॉय यांनी सुरेंद्रनाथांचा पराभव केला, आणि १९२४ च्या मार्चमध्ये कॉर्पोरेशनही स्वराज्य पक्षाच्या हाती आले. एप्रिलमध्ये दासबाबू महापौर झाले. उपमहापौर झाले हुसेन शहीद सुऱ्हावर्दी. त्यांचे वय तेव्हा अवघे एकतीस वर्षांचे होते.

दासबाबू कोण होते हे विद्यार्थ्यांना एकाच गोष्टीवरून कळेल. त्यांचे वडील कर्जबाजारी होऊन दिवाळे निघाले होते. कायद्याने ते कर्ज फेडण्याचे बंधन दासांवर उरले नव्हते. तरीही बॅरिस्टरीत पैसा मिळू लागताच त्यांनी जुन्या सावकारांचे देणे चुकते केले. पुढे असहकाराच्या चळवळीत हीच भरभराटीची वकिली त्यांनी सोडून दिली. असा माणूस सार्वजनिक तिजोरीपाशी बसला म्हणजे लोक निर्धास्त राहतात.

महापौर होताच त्यांनी कॉर्पोरेशनपुढे कामांचा क्रम ठेवला. दरिद्रीनारायणाची सेवा ही त्यांची भाषा. मोफत प्राथमिक शिक्षण, गरिबांना मोफत औषधोपचार, शुद्ध आणि स्वस्त अन्न व दूध, पाण्याचा चांगला पुरवठा, बस्त्यांमधील स्वच्छता, गरिबांसाठी घरे, उपनगरांचा विकास, वाहतुकीची सोय आणि कमी खर्चात चोख कारभार. वाचकहो, या यादीत पहिली शाळा आहे, हे ध्यानात घ्या. रस्ते आणि दिवे यांनाच शहर समजणारे कारभारी सगळीकडे भेटतात. दासबाबूंना मात्र बस्तीत राहणारे मूल आधी दिसले.

नुसते बोलून ते थांबले नाहीत. कॉर्पोरेशनने आपले शिक्षण खाते उभारले आणि केंब्रिजला शिकून आलेले क्षितिशप्रसाद चट्टोपाध्याय यांना शिक्षणाधिकारी नेमले. मुलामुलींसाठी मोफत प्राथमिक शाळा निघू लागल्या. वॉर्डावॉर्डांतून आरोग्यमंडळे स्थापन झाली. नोकरांना खादीचा गणवेश मिळाला, रस्त्यांना आणि बागांना देशभक्तांची नावे दिली गेली, व्हाइसरॉयऐवजी राष्ट्रीय पुढाऱ्यांना मानपत्रे देण्यास सुरुवात झाली. यांतील नावे बदलणे सर्वांत सोपे, कारण त्याला खर्च येत नाही. शाळा एकदा उघडली की तिचा खर्च दर वर्षी अंदाजपत्रकात घालावा लागतो, आणि खरी कसोटी तेथे लागते.

या कामासाठी त्यांनी मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून निवडले ते सत्तावीस वर्षांच्या सुभाषचंद्र बोस यांना. आय.सी.एस.चा राजीनामा देऊन आलेला हा तरुण. पक्षातील ज्येष्ठ कार्यकर्ते बीरेंद्रनाथ सासमल यांचा हक्क डावलला गेला अशी कुरकुर झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. सरकारनेही मंजुरी देण्यास वेळ लावला. पगार तीन हजार रुपये होता. सुभाषबाबूंनी दीड हजारच घेतले.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. बंगाल प्रांतात मुसलमान निम्म्याहून अधिक होते, पण सरकारी आणि नगरपालिकेच्या नोकऱ्यांत त्यांची संख्या फारच थोडी होती. दासबाबूंनी डिसेंबर १९२३ मध्ये ‘बंगाल करार’ पुढे मांडला. स्वराज्य आल्यावर मुसलमानांना ५५ टक्के सरकारी जागा मिळाव्यात आणि तेवढे प्रमाण गाठेपर्यंत नव्या भरतीत त्यांना बराच अधिक वाटा द्यावा, असे त्यात होते. काकीनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनाने तो करार स्वीकारला नाही. पण कॉर्पोरेशन तर हातात होते! १९२४ साली रिकाम्या झालेल्या ३३ जागांपैकी २५ जागा मुसलमान उमेदवारांना देण्यात आल्या. मोठे वादळ उठले. सुभाषबाबूंनी उत्तर दिले, त्याचा आशय असा की, आजवर या नोकऱ्यांत हिंदूंची जवळजवळ मक्तेदारी होती. मुसलमान, ख्रिस्ती आणि दलित वर्ग यांच्या हक्काचा विचार करावाच लागेल, मग काहींना वाईट वाटले तरी चालेल. गांधीजींनी ‘यंग इंडिया’तून त्यांची पाठराखण केली.

विद्यार्थी मित्रांनो, यातील एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. जागा राखून ठेवणे महापौराच्या हाती असते, पण अर्ज भरणारा शिकलेला उमेदवार त्याला आणता येत नाही. तो घरातून आणि शाळेतून यावा लागतो. त्या वेळच्या बंगालमध्ये खेड्यातील मुसलमान शेतकऱ्याच्या मुलाला शाळा दुर्मीळ होती. शहरातील २५ जागांनी त्याचे दैन्य कसे फिटावे? माझ्या मते दासबाबूंच्या यादीतील पहिले कलम आणि हा नोकऱ्यांचा निर्णय ही एकाच कामाची दोन टोके होती. पहिल्याला पंधरावीस वर्षे लागतात, दुसरे एका सहीने होते. लोक मात्र सहीबद्दलच भांडत राहिले.

१९२४ च्या ऑक्टोबरात सुभाषबाबूंना अटक झाली. काही आठवडे त्यांचा चिटणीस फायली घेऊन अलीपूरच्या तुरुंगात जाई आणि पोलीस अधिकाऱ्याच्या देखत शहराचा कारभार चाले. नंतर त्यांची रवानगी मंडालेला झाली. दासबाबूंची प्रकृती तोवर ढासळत चालली होती. १९२५ मध्ये ते पुन्हा महापौर निवडले गेले, पण १६ जून १९२५ रोजी दार्जिलिंग येथे त्यांचे निधन झाले. वय फक्त चोपन्न.

त्यांच्यामागे बंगाल करार टिकला नाही. १९२६ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात दंगल पेटली आणि मे महिन्यात कृष्णनगरच्या प्रांतिक परिषदेत करारच रद्द ठरविण्यात आला. कॉर्पोरेशनमध्येही गटबाजी आणि वशिला शिरला; पुढे त्याचे नाव त्यासाठीच गाजू लागले. तरी शाळा बंद पडल्या नाहीत. १९३० साली सुभाषबाबू तुरुंगात असतानाच महापौर निवडले गेले, आणि १९३५ साली त्याच खुर्चीवर पहिले मुसलमान महापौर म्हणून फजलुल हक बसले.

दासबाबूंनी मृत्यूपूर्वी आपले राहते घर लोकांच्या स्वाधीन केले होते. त्या जागी १९२६ साली चित्तरंजन सेवा सदन हे स्त्रियांचे रुग्णालय सुरू झाले.