वरची का खालची?

1980च्या दशकात मी शहादा-धडगाव गाडीवर कंडक्टर होतो. बाजाराच्या दिवशी गालाला फडकं बांधलेला एखादा तरी प्रवासी गाडीत असायचाच. तिकीट फाडता फाडता मी विचारायचो, "वरची का खालची?" खालची दाढ असली तर चादर अंथरून, पुढ्यात उपटलेल्या दातांची रास मांडून बसलेल्या दातवाल्याकडून ती काढूनच माणूस परतीची गाडी धरायचा. वरची असली तर लवंग दाबून महिनोन् महिने कळ सोसायचा. वरची दाढ काढली की डोळा जातो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक!

हे अडाण्यांचं खूळ, असं मी समजायचो. पुढे एका वैद्य मित्राने सुश्रुतसंहितेतला चिकित्सास्थानाचा 22वा अध्याय वाचून दाखवला आणि मी गप्प झालो. किडकी दाढ हलत असेल तर काढा, खळगा डागा, असं सांगणारा सुश्रुत वरचा दात मात्र हलत असला तरी काढू नका म्हणतो. रक्त फार जाईल, माणूस काणा होईल, तोंड वाकडं होईल. वाग्भटानेही वरच्या दाताला हात लावू नका असंच बजावलंय. म्हणजे आमच्या गाडीतली माणसं शास्त्रच सांगत होती, फक्त फार जुनं. वरच्या दाढेत पू झाला की सूज डोळ्याखालपर्यंत चढते. ती पाहूनच ही भीती इतकी टिकली असावी. प्रत्यक्षात दाताची नस वेगळी, नजरेची वेगळी.

'ठेवू का काढू' हा प्रश्न आमच्याकडे उशिरा आला. बधिर करायचं लिग्नोकेन स्वीडनमध्ये 1943 साली तयार झालं; डेंटिस्ट कायदा 1948चा. पण दाढ ठेवून कॅप बसवायची तर खिशात पैसे हवेत आणि तीन-चार खेपांचं गाडीभाडंही. डोंगरातल्या माणसाला उपटणंच परवडायचं.

गेल्या वर्षी दादर ज्वारीच्या भाकरीत खडा आला आणि माझीच वरची दाढ फुटली. डॉक्टरांनी फोटो काढला, सळई फिरवली. "काका, हिरडीच्या बाहेर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर दात शाबूत असेल तर रूट कॅनाल करून कॅप बसवू. तुमची टाळूकडून पार हिरडीखालपर्यंत फुटलीय. कॅप टिकायची नाही."

घरी मंडळी म्हणाली, "डोयाले काही व्हयनं ते?"

दाढ काढली. चष्म्याचा नंबर होता तोच आहे.